शिखर, दरी आणि खिंड



आजच्या भाषणाचा विषय गणिताच्या इतिहासांतील आहे. परंतु त्यासाठीं पाटी-पेन्सिल घेऊन बसण्याचें कारण नाहीं. डोंगर चढलेला मनुष्य जेवढें जाणतो तेवढें जाणणें पुरे आहे. चढण चढतांना पावलागणिक उंची वाढते, उतरणीवर ती घटते, आणि माथ्यावर असें एक स्थान असतें कीं जेथें पाऊल इकडे टाका कीं तिकडे टाका, उंचींत म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं. वर फेंकलेला चेंडू खालीं येण्यापूर्वीं निमिषमात्र ठरल्यासारखा दिसतो तोहि याच कारणामुळें. जी राशि वाढत वाढत कमालीला पोंचते ती त्या कमालीच्या क्षणीं वाढेनाशी झालेली असते.

हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे महत्तम राशि शोधण्याची एक युक्ति हातीं येते. सगळा डोंगर पालथा घालण्याचें कारण उरत नाहीं. चढउतार जेथें थांबला असेल तेवढींच स्थानें तपासावीं. पण अडचण पुढेंच आहे. चढउतार माथ्यावर थांबतो तसा दरीच्या तळाशींहि थांबतो. इतकेंच काय, घाटांतून जातांना मध्येंच चार पावलें सपाटी लागते आणि पुन्हां चढणच सुरू होते. तेथें माथा नाहीं कीं तळ नाहीं. तेव्हां प्रश्न एक नसून दोन आहेत. बदल कोठें थांबतो हा पहिला, आणि जेथें तो थांबला तें स्थान कोणत्या जातीचें हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर मनुष्याला पुष्कळ आधीं सांपडलें. दुसऱ्यानें मात्र भल्याभल्यांना हुलकावणी दिली. त्या हुलकावणीची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभ आपल्या भास्कराचार्यांपासून करूं. त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा, वयाच्या ३६ व्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें त्यांनीं ‘सिद्धांतशिरोमणि’ रचिला. आपलें गांव सह्याद्रीच्या परिसरांतलें असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें त्यांचा नातू चंगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. तेथील १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणिला.

ग्रह आकाशांत सदासर्वदा एकाच वेगानें चालत नाहीं. म्हणून जुने ज्योतिषी प्रथम तो समान वेगानें चालतो असें मानून त्याचें ‘मध्यम’ स्थान काढीत, आणि मग त्यांत कमीजास्त करून ‘स्पष्ट’ स्थान मिळवीत. या कमीजास्तीला ते ‘फल’ म्हणत. हें फल शून्यापासून वाढत जातें, कमालीस पोंचतें, आणि पुन्हां उतरत शून्यावर येतें. भास्कराचार्यांनीं सांगितलें कीं, फल जेथें परम तेथें त्या फलामुळें गतींत पडणारा फरक नाहींसा होतो. तेथें ग्रहाची स्पष्ट गति मध्यम गतीइतकीच असते. शिखरावर चढ नसतो हीच ती गोष्ट, केवळ ग्रहाच्या भाषेंत सांगितलेली. लल्लाचार्यांनीं त्यांच्या पूर्वीं हें गतिसाम्याचें स्थान दोन वृत्तांच्या छेदनबिंदूवर मानलें होतें. भास्कराचार्यांनीं तें मत खोडून काढलें, आणि कारण काय दिलें? तर त्या ठिकाणीं फल परम होत नाहीं, हें. कक्षावृत्ताच्या मध्यांतून उच्चरेषेला काढलेला लंब प्रतिवृत्ताला जेथें मिळतो तें खरें स्थान. तसेंच ग्रह वक्री होतांना व पुन्हां मार्गी होतांना त्याची दृश्य गति शून्य असते हेंहि त्यांना स्वच्छ दिसलें होतें.

पुण्यास जन्मलेले आणि काशीच्या सरकारी संस्कृत कॉलेजांत अध्यापन करणारे पंडित बापूदेव शास्त्री यांनीं १८५८ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत लेख लिहून, भास्कराचार्यांना कलनशास्त्राचें तत्त्व अवगत होतें असें प्रतिपादिलें. या प्रतिपादनावरून आपल्याकडे कधींकधीं असें बोललें जातें कीं न्यूटन-लायब्निट्झ यांनीं जें केलें तें सारें आमच्याकडे आधींच झालें होतें. मला हें बोलणें भास्कराचार्यांच्याच मोठेपणाला कमीपणा आणणारें वाटतें. त्यांनीं एका विशिष्ट प्रश्नांत एक सत्य पाहिलें, तें अचूक पाहिलें, आणि त्याच्या बळावर पूर्वसूरींचें मत दुरुस्त केलें. कोणत्याहि राशीला लावतां येईल अशी सामान्य रीत त्यांनीं दिली नाहीं. ती देण्याचा त्यांचा दावाहि नव्हता. जें आहे तें पुरेसें थोर आहे.

आतां साडेचारशें वर्षें ओलांडून ऑस्ट्रियांत जाऊं. १६१३ मध्यें लिंझ येथें राहणाऱ्या योहान केप्लर या ज्योतिर्विदानें दुसरें लग्न केलें व घरांत द्राक्षासवाचीं पिंपें आणविलीं. विक्रेता आला, पिंपाच्या कुशींतील भोंकांतून त्यानें एक गज तिरपा आंत घातला, तो तळाच्या दूरच्या कडेला टेकविला, आणि गज किती आंत गेला एवढें पाहून सगळ्या पिंपांची किंमत सांगितली. लांबट पिंप असो कीं बुटकें, माप तेंच! केप्लरला हें विलक्षण वाटलें. एकाच गजाच्या मापांत बसणारीं पिंपें निरनिराळ्या आकारांचीं असूं शकतात. मग त्यांत सारखाच द्रव कसा मावेल? या शंकेंतून १६१५ मध्यें पिंपांच्या घनफळावरील त्याचा ग्रंथ जन्मास आला.

हिशेब आपणहि करून पाहूं. पिंप नळकांड्यासारखें सरळ आहे आणि गज नेहमीं २० अंगुळें आंत जातो असें धरा. वर्तुळाचा ठराविक गुणक सोडून दिला तर १० अंगुळें लांबीच्या पिंपांत ३७५० मापें मावतात, ११ अंगुळांच्या पिंपांत ४०६७. एका अंगुळानें ३१७ मापांचा फरक पडला. आतां लांबी २२ घ्या : ६१३८ मापें. २३ घ्या : ६१५८. फरक अवघा २० चा. २४ घ्या : ६१४४, म्हणजे १४ नें घट. कमाल २३ च्या किंचित पुढें आहे, आणि त्या कमालीच्या आसपास अंगुळभर इकडेतिकडे झालें तरी हजारांत तीन-चार मापांपलीकडे फरक पडत नाहीं. ऑस्ट्रियांतील पिंपें नेमकीं या कमालीच्या प्रमाणाजवळ बांधलेलीं असत, लांबी व्यासाच्या दीडपटीहून थोडी कमी. म्हणून पिंप बांधणाऱ्याचा हात थोडासा चुकला तरी गिऱ्हाईक फारसें फसत नसे, आणि विक्रेत्याचा गज बहुतांशीं खरें बोलत असे. केप्लरनें हें स्पष्ट शब्दांत नमूद केलें : महत्तमाच्या दोन्ही बाजूंस घट प्रथम अगदींच अल्प असते. गणिताचें एक मर्म बाजारांतील गजाच्या टोंकाशीं सांपडलें.

पाहणें झालें, पण रीत अद्याप नव्हती. ती दिली फ्रान्समधील तूलूझच्या न्यायसभेंतील एका सभासदानें. त्याचें नांव पिएर द फेर्मा. वकिली हा त्याचा धंदा, गणित हा फावल्या वेळचा छंद. ही रीत त्याला १६२९ च्या सुमारास सुचली, तिचें टिपण १६३७ च्या अखेरीस पॅरिसच्या विद्वानांच्या हातीं पडलें, आणि पुढच्याच वर्षीं देकार्तनें तिच्यावर कडाडून हल्ला चढविला. रीत मात्र इतकी सोपी आहे कीं ती ऐकतां ऐकतां समजावी.

१० चे दोन भाग असे करा कीं त्यांचा गुणाकार जास्तींत जास्त व्हावा. एक भाग ‘क्ष’ मानला तर दुसरा ‘१० उणे क्ष’, आणि गुणाकार ‘१० क्ष उणे क्ष चा वर्ग’. आतां क्ष ला एक चिमुकली भर घाला. तिला ‘इ’ म्हणूं. माथ्याजवळ अल्प हालचालीनें उंची बदलत नाहीं, म्हणून जुना गुणाकार आणि नवा गुणाकार जवळजवळ सारखे मांडावयाचे. दोन्ही बाजूंचीं समान पदें गेलीं म्हणजे उरतें तें असें : ‘१० इ’ बरोबर ‘दोन क्ष इ’ अधिक ‘इ चा वर्ग’. इ नें भागा. १० बरोबर दोन क्ष अधिक इ. आतां इ सोडून द्या. क्ष आला ५. भाग ५ आणि ५, गुणाकार २५.

चाणाक्ष विद्यार्थी येथें हात वर करील. इ जर शून्य असेल तर तिनें भागलें कसें? आणि शून्य नसेल तर शेवटीं सोडून दिली कशी? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें निःशंक उत्तर मिळण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनीं या गणितावर मराठींत लिहिलें तेव्हां त्याला ‘शून्यलब्धि’ हें नांव योजिलें. शून्य होतां होतां जें लब्ध होतें तें, असा मी त्या नांवाचा अर्थ घेतों, आणि फेर्माची ती इ पाहिली म्हणजे हें नांव मला आजच्या पारिभाषिक नांवांपेक्षां अधिक बोलकें वाटतें.

पण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचें काय? फेर्माची रीत क्ष बरोबर ५ एवढेंच सांगते. तेथें शिखर आहे कीं तळ, याविषयीं ती मौन धरते. फेर्मा महत्तम आणि लघुतम यांना एकाच दाव्यानें बांधतो. कोणतें कोणतें तें प्रश्न पाहून आपण ठरवावयाचें. त्याच्याच पुढच्या कामांत हें मौन महत्त्वाचें ठरलें. १६६२ मध्यें त्यानें प्रकाशकिरणांच्या वक्रीभवनाचा नियम या रीतीनें काढला : प्रकाश कमींत कमी वेळ लागेल त्या वाटेनें जातो, हें गृहीत धरून. नियम बरोबर आला. परंतु आज आपण जाणतों कीं, प्रकाशाची वाट प्रत्येक वेळीं लघुतमच असते असें नाहीं. अंतर्गोल आरशाच्या कांहीं प्रकरणीं ती शेजारच्या वाटांच्या मानानें सर्वांत अधिक वेळाची असते. निसर्ग फक्त बदल थांबल्याचें स्थान पाहतो. फेर्माच्या रीतीसारखाच तोहि जात विचारीत नाहीं!

ऑक्टोबर १६८४ मध्यें लायब्निट्झनें लायप्सिक येथील नियतकालिकांत आपला प्रसिद्ध निबंध छापला. अवघीं सहा पानें. आणि त्याच्या मथळ्यांतच महत्तम-लघुतमांची नवी रीत असे शब्द आहेत. निबंध इतका त्रोटक होता कीं बर्नुली बंधूंसारख्यांनाहि तो कोड्यासारखा वाटला. त्यांत जातीची ओळखहि आली. बदल शून्य आहे एवढ्यावर थांबूं नका, बदलाचा बदल पाहा. चढ ओसरत ओसरत उतार होत असेल तर तें शिखर. उतार ओसरत चढ होत असेल तर तो तळ. आणि बदलाचा बदलहि शून्य निघाला तर? तेव्हां पुढचा, त्याच्या पुढचा असें पाहत जावें. पहिला शून्य नसलेला बदल समक्रमांकाचा, म्हणजे दुसरा, चौथा असा असेल तर शिखर किंवा तळ, आणि विषमक्रमांकाचा असेल तर ती नुसती घाटांतली सपाटी. ही कसोटी स्कॉटलंडच्या कॉलिन मॅक्लॉरिन यानें १७४२ च्या ग्रंथांत व्यवस्थित मांडली. एका चलाच्या राशीपुरता प्रश्न बहुतेक संपला.

पण राशि एकाच चलावर अवलंबून असते थोडीच! रस्त्यावरून जाणाऱ्याला मागें आणि पुढें अशा दोनच दिशा असतात; मोकळ्या डोंगरावर उभ्या राहिलेल्याला दाहीं दिशा मोकळ्या असतात. तेथें शिखर, दरी आणि सपाटी यांखेरीज एक चौथी जात भेटते, आणि तिला आपल्या भाषेंत इतका नेमका शब्द आहे कीं पारिभाषिक कोश उघडण्याची गरज पडूं नये. तो शब्द खिंड. दोन डोंगरांच्या मधली खिंड पाहा. एका खोऱ्यांतून दुसऱ्या खोऱ्यांत जाणाऱ्या वाटसरूला तीच वाटेंतली सर्वांत उंच जागा; एका डोंगराच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्याकडे धारेनें जाणाऱ्याला तीच सर्वांत खोल. दोघेहि खरें बोलतात. इंग्रजींत या बिंदूला घोड्याच्या खोगिराची उपमा दिली आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशीं वाढलेल्या मुलाला ती उपमा समजावून द्यावी लागते. खिंड समजावून द्यावी लागत नाहीं.

या खिंडीनें ज्याला चकविलें तो मनुष्य सामान्य नव्हता. लेओनार्ड ऑयलर हा अठराव्या शतकांतील गणितज्ञांचा मुकुटमणि. १७५५ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें दोन चलांच्या राशीचा विचार केला, आणि पूर्वपश्चिम पाहतां तळ व दक्षिणोत्तर पाहतांहि तळ, तर एकंदरींत तळच, अशा धर्तीची कसोटी दिली. ऐकावयास ती किती सयुक्तिक वाटते! पण एक उदाहरण घ्या. पूर्वेकडे टाकलेलीं पावलें ‘क्ष’, उत्तरेकडचीं ‘य’. पश्चिम व दक्षिण उणे. उंची किती? तर क्ष चा वर्ग, अधिक य चा वर्ग, अधिक त्या दोहोंच्या गुणाकाराची तिप्पट. आपण उभे आहों तेथें उंची शून्य. एक पाऊल पूर्वेस टाका : उंची १. पश्चिमेस टाका : १. उत्तरेस १, दक्षिणेस १. चोहोंकडे चढ, आपण तळाशीं आहों अशी खात्री पटते. आतां एक पाऊल पूर्वेस आणि एक दक्षिणेस टाका. एक अधिक एक उणे तीन. उंची उणे एक. पायाखालची जमीन खचली! आग्नेयेस आणि वायव्येस उतार आहे. ती दरी नव्हती, ती खिंड होती.

ही उणीव १७५९ मध्यें इटलींतील तुरीन शहरीं एका तेवीस वर्षांच्या तरुणानें भरून काढली. तो तेथील तोफखान्याच्या शाळेंत गणित शिकवीत असे. त्याचें नांव लाग्रांज. त्यानें दाखविलें कीं दोन मुख्य दिशांतील ‘बदलांचे बदल’ पाहून भागत नाहीं; दोन्ही चलें मिळून जो मिश्र बदल होतो तोहि मोजला पाहिजे. पहिल्या दोहोंचा गुणाकार मिश्राच्या वर्गाहून मोठा असेल तरच शिखर किंवा तळ. लहान असेल तर खिंड. आपल्या उदाहरणांत पहिले दोन २ आणि २, गुणाकार ४. मिश्र ३, त्याचा वर्ग ९. चार नवांहून लहान, म्हणून खिंड. आग्नेयेस पाऊल न टाकतांच निर्णय मिळाला. ऑयलरविषयींहि एक शब्द येथें सांगितला पाहिजे. या तरुणाचें त्याला नेहमींच कौतुक असे, आणि पुढें १७६६ मध्यें बर्लिन सोडतांना त्याच्या जागीं आला तो हाच लाग्रांज.

आणि गुणाकार व वर्ग दोन्ही समसमान निघाले तर? येथें लाग्रांजची कसोटी बोलत नाहीं. मग पाठ्यपुस्तकांनीं एक सोयीचा मार्ग काढला, आणि तो जवळजवळ शंभर वर्षें चालला. त्या बिंदूंतून जाणाऱ्या सरळ रेषा घ्या, प्रत्येक रेषेवर चालून पाहा. सगळ्यांवर तळ लागला तर तळ निश्चित. आग्नेय-वायव्य विसरण्याची शक्यताच उरली नाहीं, कारण आतां एकहि दिशा सुटत नाहीं. याहून अधिक काळजी ती कोणी घ्यावी?

१८८४ मध्यें, पुन्हां त्याच तुरीन शहरांत, जुझेप्पे पेआनो या विशी ओलांडून कांहीं वर्षें झालेल्या अध्यापकानें या समजुतीला सुरुंग लावला. त्याचे वृद्ध गुरु जेनोक्की आजारी होते. त्यांच्या व्याख्यानांचें पुस्तक पेआनोनें सिद्ध केलें, त्यांत आपल्या पुष्कळ टिपा घातल्या, आणि तें गुरूंच्या नांवावर छापलें. जेनोक्कींनीं तर या पुस्तकाशीं आपला संबंध नाहीं असें जाहीर करून टाकलें! पण पुस्तक गाजलें तें त्या टिपांमुळेंच. त्यांतील एका उदाहरणाच्या धर्तीवर मी सोपें करून सांगतों. य मधून क्ष चा वर्ग वजा करा. पुन्हां य मधून क्ष च्या वर्गाची दुप्पट वजा करा. दोन बाक्या आल्या, त्यांचा गुणाकार ही उंची. नकाशावर एकाच बिंदूशीं टेकलेल्या, वर उघडणाऱ्या दोन वाटीसारख्या वक्ररेषा डोळ्यांपुढें आणा. एक थोडी पसरट, एक थोडी अरुंद. दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टींत उंची उणे आहे, पट्टीबाहेर अधिक. आतां त्या बिंदूंतून कोणत्याहि दिशेनें नाकासमोर सरळ चाला. प्रारंभीं तरी तुम्ही पट्टीच्या बाहेरच असाल, कारण पट्टी वांकडी आहे आणि तुमची वाट सरळ. म्हणून प्रत्येक सरळ वाटेवर चढच लागतो. पण पट्टीच्या वळणानें वळत गेलांत, क्ष ०.१ आणि य ०.०१५ अशा ठिकाणीं आलांत, तर एक बाकी अधिक ०.००५ व दुसरी उणे ०.००५, गुणाकार उणे. तुम्ही खालीं उतरलां आहांत. प्रत्येक सरळ दिशेनें तळ, आणि तरीहि तो तळ नव्हे.

मला या साऱ्या इतिहासांत हें स्थळ सर्वांत विस्मयकारक वाटतें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. हें गणित निवृत्तीनंतर पुस्तकें चाळून, कागद खरडून माझें मलाच समजून घ्यावें लागलें. पेआनोच्या उदाहरणापाशीं मी तीन दिवस अडलों होतों, आणि चौथ्या दिवशीं उलगडा झाला तेव्हां घरांतल्या मंडळींना बोलावून तें सांगितल्यावांचून मला राहवलें नाहीं. आजच्या काळीं यंत्राला शिकवितांना संगणक लक्षावधि चलांच्या राशीचा तळ धुंडाळीत असतो. त्या अफाट प्रदेशांतहि खऱ्या दऱ्यांपेक्षां खिंडींचीच गांठ वारंवार पडते असें त्या विषयाचे जाणकार सांगतात.

हा युरोपांतील ओघ झाला. पण पेआनोच्या आधीं चौतीस वर्षें आपल्याच देशांत एका शिक्षकानें या प्रश्नाकडे अगदीं निराळ्या अंगानें पाहिलें होतें, आणि त्याची कथा सांगितल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं. मास्टर रामचंद्र यांचा जन्म १८२१ चा, पानिपतचा. लहानपणींच वडील वारले. दिल्ली कॉलेजांत शिकून ते तेथेंच शिक्षक झाले. युरोपीय शास्त्रें उर्दूंतून शिकवीत. १८५० मध्यें त्यांनीं कलकत्त्यास स्वखर्चानें एक इंग्रजी पुस्तक छापलें. महत्तम-लघुतमांचे प्रश्न कलनशास्त्राचा स्पर्शहि न करितां केवळ बीजगणितानें सोडवावयाचे, हा त्याचा विषय.

त्यांची रीत आपल्या दहाच्या प्रश्नाला लावून पाहूं. १० क्ष उणे क्ष चा वर्ग ही राशि जी कांहीं होईल तिला ‘र’ म्हणा. हें क्ष चें वर्गसमीकरण झालें. भास्कराचार्यांच्या बीजगणितापासून आपण जाणतों कीं असें समीकरण सोडवितांना एक वर्गमूळ काढावें लागतें. येथें तें ‘२५ उणे र’ याचें. उण्या संख्येला वर्गमूळ नाहीं; म्हणून र हा २५ हून मोठा होऊंच शकत नाहीं. संपलें! महत्तम २५, आणि तेव्हां क्ष ५. फेर्माची ती संशयास्पद इ येथें नाहीं. आणि आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे माझ्या मतें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. ही रीत जात आपोआप सांगते. ‘याहून मोठा होऊं शकत नाहीं’ असें उत्तर आलें कीं तें महत्तम; ‘याहून लहान होऊं शकत नाहीं’ असें आलें कीं लघुतम. शोध आणि ओळख एकाच पावलांत. उच्च घातांच्या राशींपाशीं ही रीत अवघड होत जाते, आणि सर्वत्र चालेल असें तिचें सामर्थ्य नाहीं, हें खरें. पण जेथें चालते तेथें ती ऑयलरला जी चूक शक्य झाली ती शक्यच होऊं देत नाहीं.

कलकत्त्याच्या टीकाकारांनीं पुस्तकाची उपेक्षा केली. जें कलनानें चुटकीसरशीं होतें तें बीजगणितानें घाम गाळून कशाला करावें, हा त्यांचा सूर. रामचंद्रांच्या मदतीला आले ते गव्हर्नर जनरलच्या मंडळांतील कायदेमंत्री बेथ्यून. कलकत्त्यास मुलींची शाळा काढणारे तेच हे बेथ्यून. त्यांनीं पुस्तकाच्या प्रति लंडनला ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे धाडल्या. डी मॉर्गन हे नामांकित तर्कशास्त्री आणि गणिताचे प्राध्यापक, जन्मानें मदुरेचे. त्यांना या पुस्तकांत हिंदुस्थानच्या जुन्या बीजगणिती बुद्धीला फुटलेला नवा अंकुर दिसला. त्यांनीं कंपनीच्या संचालकांशीं पत्रव्यवहार आरंभिला. त्यांतच कित्येक वर्षें निघून गेलीं.

दरम्यान १८५२ मध्यें रामचंद्रांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८५७ च्या मे महिन्यांत दिल्लींत उठावाचा वणवा पेटला तेव्हां कॉलेजवर हल्ला झाला, प्राचार्य टेलर मारले गेले, ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली. धर्मांतरामुळें रामचंद्रांच्याहि जिवावर बेतलें होतें. ते लपूनछपून निसटले. पुढच्या वर्षीं रुडकीच्या एंजिनिअरिंग कॉलेजांत व नंतर दिल्लीच्या नव्या शाळेंत मुख्याध्यापकाच्या जागेवर ते पुन्हां शिकवूं लागले. १८५९ मध्यें लंडनला डी मॉर्गन यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह पुस्तकाची नवी आवृत्ति निघाली. सरकारकडून रामचंद्रांना मानाची खिलत आणि २००० रुपयांचें बक्षीस मिळालें. ज्या कॉलेजांत बसून त्यांनीं तें लिहिलें होतें त्याच्या भिंती तेव्हां ओस पडल्या होत्या. १८८० मध्यें ते वारले. तुरीनचें तें पुस्तक निघावयास अद्याप चार वर्षें होतीं.